करडाचे पोट घडते कसे?

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. तेथील धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या भागात चराऊ रान असणे शक्य नाही. अशा दाट वस्तीत दाराशी शेळी बांधली, तर तिच्या करडाने काय खावे हे सर्वस्वी मालकाच्या हाती असते. करडाच्या पुढील आयुष्यातील पचनशक्ती बव्हंशी पहिल्या दोन महिन्यांच्या या आहारावरच ठरते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

चार कप्प्यांचे पोट

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. मोठ्या शेळीत कोठीपोट सर्वांत मोठे असून त्यातील असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवून त्याचे पोषणात रूपांतर करतात. नवजात करडात स्थिती नेमकी उलट असते. त्याचे खरे पोट मोठे, तर कोठीपोट लहान व निष्क्रिय असते. करडू आचळ चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली खाच मिटून तिची नळी बनते व दूध थेट खऱ्या पोटात उतरते. बळेच घशात ओतलेले दूध मात्र कोठीपोटात पडून नासण्याचा संभव असतो. त्यातून हगवण उद्भवते.

प्रथम चीक, मग चारा

शेळीच्या गर्भाला मातेकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर झपाट्याने घटते व सुमारे २४ तासांत संपुष्टात येते. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांतच चीक पाजावा. दोन किलो वजनाच्या करडाला पहिल्या दिवसात विभागून सुमारे २०० ग्रॅम चीक मिळावा. जुळ्यांतील अशक्त करडाकडे विशेष लक्ष द्यावे.

केवळ दुधावर कोठीपोट वाढत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून भरडलेला मका, पेंड व कोंडा यांचा खुराक चिमूटभर द्यावा. तो आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळे कोठीपोटाच्या आतील अंकुर वाढतात. सुबाभूळ, शेवरी यांचा कोवळा पाला व सुके गवत यांनी त्याचा आकार व स्नायू वाढतात. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. सुमारे आठ आठवड्यांत कोठीपोट कार्यक्षम होते. त्यानंतरच दूध हळूहळू तोडावे.

दोन घातक चुका

घरासाठी दूध राखण्याकरिता करडू लवकर तोडणे ही पहिली चूक. मायेपोटी शिळा भात किंवा भाकरी एकाएकी भरपूर चारणे ही दुसरी. पिष्टमय अन्नाने पोटात आम्लता वाढते. आंत्रविषार होऊन धडधाकट करडूही काही तासांत दगावते. या रोगावर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. परंतु ती योग्य आहाराची जागा घेऊ शकत नाही.

गरीब कुटुंबाच्या लेखी एक करडू म्हणजे अडीअडचणीची शिल्लक होय. १९७८ साली स्थापन झालेले, पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ शेळीपालनाचे प्रशिक्षण देते. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती शेळीपालकांपर्यंत पोहोचविल्यास कित्येक घरांची ही शिल्लक सुरक्षित राहील.