एक वही, एक फळा आणि खरा कागद

जागा-घराच्या व्यवहारात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कंपनीतले कंत्राट संपले, दुसरे मिळेना, म्हणून 'प्लॉटचे काम करतो' असे सांगणारा एखादा तरुण आज छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत सापडतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. या धंद्याला यंत्र लागत नाही, दुकानाची पागडी लागत नाही. शहरही वाढतेच आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि रांजणगाव, पंढरपूर, बजाजनगर या बाजूला खोल्यांची व प्लॉटची मागणी वाढत गेली. आता शेंद्रा-बिडकीनला 'ऑरिक' औद्योगिक नगरी उभी राहिली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, आणि जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. अशी प्रत्येक बातमी आली की आसपासच्या शेतात चुन्याच्या रेघा पडतात आणि 'बुकिंग चालू'च्या पाट्या लागतात.

धंदा आहे, पण त्यात मोठे पैसेवालेही आहेत. चौकाचौकात त्यांचे फलक, वर्तमानपत्रात पानभर जाहिराती. ज्याच्या खिशात पाच हजार रुपयेही मोकळे नाहीत, त्याने त्यांच्यासमोर उभे कसे राहायचे? त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट त्याच्याकडे असते. त्याला वस्ती ओळखते. ही ओळख कशी वापरावी आणि कशी जपावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपला पट्टा ठरवा

सगळे शहर पायाखाली घालू नका. सकाळ-संध्याकाळ सायकलीवर फिरता येईल एवढाच भाग घ्या. कोणी मुकुंदवाडी-रामनगर घ्यावे, कोणी भावसिंगपुरा, कोणी रांजणगाव. दोनशे पानांची एक वही घ्या. गल्लीवार पाने पाडा. कोणती खोली कधी रिकामी होणार, भाडे किती, डिपॉझिट किती, नळाला पाणी किती दिवसांनी येते, संडास घरात आहे की सामायिक, मीटर वेगळे आहे का, हे सारे लिहून ठेवा. दोन महिन्यांत त्या भागाची इतकी बारीक माहिती तुमच्याकडे जमेल की मोठ्या फलकवाल्यालाही तुम्हाला विचारावे लागेल.

ही माहिती देणारी माणसे तुमच्या रोजच्या ओळखीची आहेत. किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाला, पाण्याचे जार टाकणारा, रिक्षा स्टँडवरचे भाऊ, मेस चालवणाऱ्या ताई, गवंडी आणि नळ दुरुस्त करणारा. कोणाचे बिऱ्हाड हलणार हे यांना आधी कळते. त्यांच्या शब्दावर व्यवहार जुळला तर ठरवलेला वाटा त्याच आठवड्यात नेऊन द्या. उशीर केलात तर पुढची खबर दुसऱ्याकडे जाईल.

सुरुवात भाड्याच्या खोलीपासून

नव्या माणसाने पहिल्याच दिवशी वीस लाखांचा प्लॉट विकायला जाऊ नये. भाड्याच्या खोलीत दलाली थोडी असते, पण ती लवकर हातात येते. शिवाय आजचा भाडेकरू चार-सहा वर्षांनी घर घेणारा असतो, आणि तेव्हा तो आधी तुम्हालाच विचारतो. जून-जुलै महिन्यांत नागसेनवन आणि विद्यापीठात गावोगावची मुले येतात. त्यांना बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, भावसिंगपुरा या भागात स्वस्त खोली हवी असते. ज्याची यादी मे महिन्यातच तयार आहे, त्याचे काम जुलैत बसल्या जागी होते.

भाड्याचा करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (१९९९) घरमालकावर टाकली आहे. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. पुष्कळ घरमालकांना ते जमत नाही. तुम्ही शिकून घ्या. खोली दाखवणारे पुष्कळ असतात, करार नोंदवून हातात देणारा लक्षात राहतो.

इथे एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. 'आडनाव काय?' हा प्रश्न भाड्याचे घर शोधणाऱ्या आपल्या माणसांनी ऐकलेला आहे. नोकरी चांगली, भाडे वेळेवर देण्याची तयारी, तरी आडनाव ऐकून 'खोली कालच गेली' असे उत्तर मिळते. एजंटाने कुटुंबाला, लेकराबाळांसह, अशा दारात उभे करू नये. आधी एकट्याने जाऊन घरमालकाशी स्पष्ट बोलावे. माणूस कोठे कामाला आहे, घरात किती जण आहेत, आधीच्या मालकाचे मत काय, हे सांगावे. त्याउपरही तो आडनावावर अडला तर वहीतून त्याचे नाव कमी करावे. जे घरमालक भाडे आणि वागणूक एवढेच पाहतात, त्यांची वेगळी यादी ठेवावी. ही यादी कोणत्याही वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मिळत नाही.

फळा, कार्ड आणि मोबाइल

ओळखीच्या दुकानाबाहेर, दुकानदाराला विचारून, एक छोटा फळा टांगा. त्यावर पाचच ओळी लिहा. उदाहरणार्थ, 'एक खोली-किचन, पहिला मजला, संडास आत, भाडे इतके, डिपॉझिट इतके.' दर सोमवारी तो बदला. गेलेल्या खोलीवर रेघ मारून 'दिली' असे लिहा. लोक त्या रेघाही मोजतात. रिकाम्या नसलेल्या खोल्या दाखवून माणसे जमवण्याची युक्ती काही जण करतात. ती एकदाच चालते.

भिंतीवर आणि विजेच्या खांबावर पत्रके चिकटवू नका. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाच्या १९९५ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. थोडी साधी कार्डे छापा आणि पाळी सुटायच्या वेळी कंपनीच्या बस थांब्यावर हातात द्या. महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान द्या, कारण पगार झाला की घरात घराचा विषय निघतो. जयंतीच्या फलकावर स्वतःचा मोठा फोटो छापून घेण्यात पैसे घालवू नका. तो फलक चार दिवसांत उतरतो. त्याच पैशात वर्षभराची कार्डे होतात.

मोबाइलवर व्हॉट्सॲपचा उपयोग करा, पण ज्यांनी घराची चौकशी केली आहे त्यांनाच संदेश पाठवा. रोज सकाळी शंभर जणांना 'सुप्रभात' पाठवणाऱ्याचा संदेश कोणी उघडत नाही. घराचे चार फोटो पाठवताना दर्शनी भाग एक, बाकी तीन स्वयंपाकघर, संडास आणि समोरची गल्ली यांचे. ओल असेल तर ओल दाखवा. माणूस इतक्या लांब येऊन परत जाण्यापेक्षा आधीच नाही म्हणालेला बरा. गुगलच्या नकाशावर आपल्या कामाची मोफत नोंद करता येते, तीही करून ठेवा.

घर दाखवायला शक्यतो नवरा-बायको दोघांनाही बोलवा. पाणी कधी येते, कपडे कोठे वाळत घालायचे, रात्री गल्लीत दिवा असतो का, हे प्रश्न घरातली बाईच विचारते आणि होकार-नकारही बहुधा तिचाच असतो. या कारणाने आपल्या भगिनींनीही या व्यवसायाचा विचार करावा. बचत गटातल्या ओळखी त्यांना फार उपयोगी पडतील. आणखी एक माहिती प्रत्येक गिऱ्हाइकाला द्या. केवळ स्त्रीच्या नावे राहते घर विकत घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरात ते वीस हजार रुपये होतात.

कागद वाचता आला पाहिजे

आता मुख्य मुद्दा. आपल्या शहराच्या कडेला हजारो कुटुंबांनी वीस बाय तीसचा प्लॉट बाँडवर घेतलेला आहे. पूर्वी शंभर रुपयांचा बाँड असे, २०२४ पासून पाचशेचा लागतो. नोटरीचा शिक्का असला तरी त्याने मालकी मिळत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, असे कायदा सांगतो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे अशा कागदात गेले आणि नंतर तोच प्लॉट दुसऱ्यालाही विकलेला निघाला, तर त्या कुटुंबाला दुसरी पुंजी कोठून आणायची?

म्हणून नव्या एजंटाने पुढील कागद पाहायला शिकावे.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका कोणाच्या नावे आहे? 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा आहे का? भोगवटादार वर्ग १ आहे की २? इनामी, वतनाची किंवा सरकारने दिलेली जमीन बहुधा वर्ग २ मध्ये असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. गायरान तर सरकारचेच असते. जमीन अकृषिक झाली आहे का आणि रेखांकन मंजूर आहे का? सिडकोचे घर असेल तर भाडेपट्टा कोणाच्या नावे आहे? आधीचे व्यवहार सूची क्रमांक २ मध्ये दिसतात का?

गुंठेवारीतले घर असेल तर महापालिकेचे नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागावे. मूळ गुंठेवारी कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घेण्याची वाट मोकळी झाली. 'पुढे गुंठेवारी होईल' हे विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

सातबारा 'महाभूलेख' संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. यातूनच या धंद्यातली सर्वांत स्वस्त जाहिरात निघते. दर रविवारी सकाळी दोन तास आपल्या ओट्यावर बसा आणि फळ्यावर लिहा, 'प्लॉटचे कागद वाचून मिळतील. फी नाही.' जे समजेल ते सांगा. न समजेल तिथे वकिलाकडे पाठवा, आणि व्यवहार करायचा असेल तर त्यांच्याकडून शोध अहवाल घ्यायला सांगा. एखाद्या काकांना 'हा प्लॉट घेऊ नका' असे सांगितले तर त्या दिवशीची दलाली बुडेल. पण काकांचे पैसे वाचतील, आणि ते ही गोष्ट कंपनीतल्या सोबत्यांना सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.

नियम आणि पैशाची शिस्त

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प 'महारेरा'कडे नोंदवावा लागतो. अशा प्रकल्पातले घर किंवा प्लॉट बिल्डरच्या वतीने विकायचे तर एजंटाचीही नोंदणी हवी. एका व्यक्तीसाठी नोंदणी फी दहा हजार रुपये ठरवलेली आहे आणि नोंदणी पाच वर्षे चालते. २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नोंदणीशिवाय काम केल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणून पहिले वर्षभर भाड्याचे आणि जुन्या घरांचे काम करा, त्यातून फी साठवा आणि मग नोंदणी करून क्रमांक कार्डावर छापा.

दलाली किती, ती कोण देणार आणि कधी देणार, हे घर दाखवण्याआधीच सांगा. दोन्हीकडून घेणार असाल तर दोघांनाही सांगा. इसाराची रक्कम स्वतःच्या खिशात ठेवू नका. ती विकणाऱ्याच्या खात्यात भरायला लावा आणि पावती घेणाऱ्याच्या हातात द्या. 'दोन वर्षांत दुप्पट' हे शब्द कधीही तोंडातून काढू नका. भाव वाढला नाही तर जाब कंपनीला कोणी विचारत नाही, तुमच्या आईला नळावर विचारतात.

पहिले सहा महिने कमाई अनिश्चित राहील. हातात दुसरे काम असेल तर ते सोडू नका. संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस या कामाला द्या. येत्या रविवारी वही घेऊन आपल्या गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरुवात करा.