सातूचे पीठ आणि जव

मराठी घरात सातूचे पीठ म्हटले की उन्हाळ्याच्या दिवसांत गूळ आणि दूध घालून कालविलेले, सुंठ-वेलदोड्याच्या वासाचे पीठ डोळ्यांपुढे येते. सातू म्हणजे जव, हा शब्दाचा मूळ अर्थ. परंतु पुष्कळ घरांतून हे पीठ भाजलेले गहू आणि डाळे दळून करतात. जवाचा त्यात दाणाही नसतो. ग्वाल्हेर-इंदूरकडे बाजारात सत्तू मागावा, तर तो कधी हरभऱ्याचा निघतो, कधी मिश्र धान्यांचा. हे सारे पदार्थ पौष्टिक खरे. पण मधुमेही माणसाने जवाच्या भरवशावर गव्हाचे पीठ, तेही गुळात कालवून, रोज घ्यावे, ही गल्लत महागात पडणारी आहे.

जवाच्या 100 ग्रॅम अख्ख्या दाण्यांत सुमारे 11 ग्रॅम प्रथिने आणि 15 ग्रॅमच्या आसपास तंतुमय भाग असतो. या तंतूंतील बीटा-ग्लुकॅन हा पाण्यात विरघळणारा घटक जवाचे खरे वैशिष्ट्य होय. गव्हात तो फारच थोडा असतो. आतड्यात तो चिकट खळीसारखा होतो. त्यामुळे पिष्टाचे पचन मंदावते व रक्तातील साखर एकदम चढत नाही. पित्तातील आम्लेही या खळीत अडकून शरीराबाहेर जातात. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात जावे, असे प्रमाण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2006 साली जवाच्या पदार्थांसाठी मान्य केले. साधारण 60 ते 75 ग्रॅम पिठात ते मिळते. चरकसंहितेने प्रमेहाच्या रुग्णाच्या आहारात यवाला अग्रस्थान दिले होते, हे येथे सहज आठवते.

जवाचे तूस दाण्याला घट्ट चिकटलेले असते. दाणे ओलवून, कांडून ते काढावे लागते; बहुधा या खटाटोपामुळेच गव्हापुढे जव मागे पडला असावा. दुकानातील पांढरीशुभ्र पर्ल बार्ली घासून गुळगुळीत केलेली असते. तिच्यातील लोह आणि ब जीवनसत्त्वे कमी होतात. मात्र बीटा-ग्लुकॅन दाण्याच्या गाभ्यातही असल्यामुळे बरेचसे शिल्लक राहते. बार्लीचे दाणे उकळून गाळलेले पाणी आजाऱ्याला रुचते, पण त्यात पिठाची पौष्टिकता शोधू नये. दाण्यांचा बहुतेक कस चोथ्यातच राहतो.

जवाच्या प्रथिनांत लायसिन कमी, हरभऱ्याच्या प्रथिनांत ते पुरेसे. म्हणून जव आणि डाळे एकत्र दळण्याची रीत शास्त्रालाही पटणारी आहे. ज्यांना ग्लुटेनमुळे आतड्याचा सीलिॲक हा विकार होतो, त्यांना मात्र गव्हाप्रमाणेच जवही वर्ज्य. नुसत्या जवाच्या पिठाची पोळी लाटताना तुटते. तिप्पट कणकेत एक भाग जवाचे पीठ मिसळून कोमट पाण्यात मळले की नीट लाटता येते.