एकवीस, पंचवीस आणि तीस

गेल्या महिन्यात मला एकवीस वर्षं पूर्ण झाली. माधव नगरातल्या मित्रांनी केक कापायच्या आधीच विचारलं, "आता लीगल झालास, पार्टी कधी?" गंमत बघा. मध्य प्रदेशात २१ वर्षांखालच्या माणसाला दारू विकता येत नाही, आणि मी २१ चा झालो तेव्हा उज्जैनमध्ये दुकानच उरलं नव्हतं. १ एप्रिल २०२५ पासून नगर निगमच्या हद्दीतली दारूची दुकानं आणि बार बंद आहेत. काळभैरवाला मद्य वाहायची जुनी प्रथा तेवढी चालू आहे.

मग हा २१ चा आकडा येतो कुठून? दारू हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याने आपला आकडा ठरवला. गोव्यात १८. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, व्हिस्की-रमसाठी २५, शिवाय परवाना लागतो तो वेगळाच. गुजरातमध्ये दारूबंदीच.

कॉलेजात यावर वाद निघाला की दोन मतं ऐकू येतात. एक: "१८ व्या वर्षी मत देऊन सरकार निवडता येतं, मग एक बिअर का नाही?" दुसरं: "पिणारी मुलं वाया गेलेली." पहिलं मत अगदीच फालतू नाही. पण मोह आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो आणि लहान वयात लागलेली सवय सुटायला जड जाते, म्हणून कायदा थांबायला सांगतो. दुसऱ्या मताने मात्र काहीच साधत नाही. पिणारा फक्त लपून प्यायला शिकतो.

आणि लपून म्हणजे आता हद्दीबाहेर. दुकान शहरात नाही, म्हणून तिघं एका बाइकवर बाहेर जातात आणि रात्री त्याच बाइकवर परत येतात. या प्रवासात वय कोणी विचारत नाही. इथे लागू होतो तिसरा आकडा: ३०. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

हे ३० किती लवकर गाठलं जातं? पाच टक्क्यांच्या ६५० मिली बिअरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल असतं. साठ किलोच्या मुलाने ती भरभर संपवली तर तो ३० च्या सहज वर जातो. म्हणजे "एकच तर घेतली" हे उत्तर चालत नाही. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेच ते लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करतं, त्याला तास लागतात.

मला हमखास ऐकायला मिळणारं आणखी एक वाक्य: "तुम्हा ख्रिश्चनांत तर चालतंच ना?" मिस्सामध्ये द्राक्षारस असतो, खरं आहे. पण चर्चची शिकवण मद्याला पाप म्हणत नाही, अतिरेकाला म्हणते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२९० व्या परिच्छेदात तर नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा गंभीर दोष मानला आहे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या ट्रिपल सीट बाइकच डोळ्यांपुढे आल्या.

कोणी प्यावी, कोणी नाही, हे सांगणारा मी कोण? पण वाढदिवसाला "पार्टी कधी?" विचाराल, तेव्हा लगेच दुसरा प्रश्नही विचारा: "परत कसे जाणार?" त्याचं उत्तर ठरलं नसेल, तर बाइकची चावी मागून घ्या. मित्र चिडेल. चिडू दे. सकाळी तो घरी असेल.