परदेशच्या विद्यापीठास लिहावयाचें आत्मनिवेदन

परदेशांतील विद्यापीठांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्यास गुणपत्रक आणि शिक्षकांचीं शिफारसपत्रें यांच्या जोडीला बहुधा एक लहानसा लेख लिहून द्यावा लागतो. इंग्लंडांत त्यास ‘पर्सनल स्टेटमेंट’ म्हणतात. गुण किती मिळाले हें गुणपत्रक सांगतें. परंतु हाच विषय कां, आणि तो पेलण्याची तयारी कितपत, हें विद्यार्थ्यानें स्वतःच सांगावयाचें असतें. अलीबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावरील कित्येक मुलांना हा लेख गणितापेक्षांहि अवघड वाटतो. आपली थोरवी आपण गाऊं नये, असें वळण घरांतून लागलेलें असतें. शिवाय आपल्या लहानशा गांवांत जगाला सांगण्याजोगें काय आहे, ही शंकाहि मनांत असते.

या शंकेचें उत्तर एका जुन्या पत्रांत सांपडतें. १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी लग्नाच्या वेळीं नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांत नोकरीस असून, त्यांच्या बदल्यांबरोबर हा संसार कल्याणहून अलीबागेस, मग कोल्हापुरास आणि अखेर बंगालमध्यें गेला. चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा अवघा दहा दिवस जगला. वैद्यक शिकण्याचा निश्चय या दुःखांतून झाला. गोपाळरावांनीं वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची आणि त्याबरोबर स्वतःच्या नोकरीचीहि चौकशी केली. वाइल्डर यांनीं धर्मांतराची अपेक्षा दर्शवून तो पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला. तो वाचून न्यू जर्सींतील थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनीं जोशी दांपत्याशीं पत्रव्यवहार सुरू केला, आणि १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई पतीस मागें ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या.

त्याच वर्षीं २८ जून रोजीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यांनीं पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या आल्फ्रेड जोन्स यांस पत्र लिहिलें. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून कदाचित् पुऱ्या होणार नाहींत, हें त्यांनीं आधींच मान्य केलें. आपली प्रकृति चांगली आहे, आणि आप्तेष्टांचा व जातीचा एकवटलेला विरोध सोसून आपण इथवर आलों, तोच निश्चय हें शिक्षण पुरें करण्यास उपयोगी पडेल, असें त्या पुढें म्हणतात. येण्याचा हेतुहि त्या स्पष्ट करतात: देशांतील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांस योग्य वैद्यकीय मदत पोंचवावयाची आहे.

हें पत्र उत्तम आत्मनिवेदन कां ठरतें, तें पाहण्यासारखें आहे. त्यांत स्वतःची स्तुति नाहीं. निश्चयाचा दाखला म्हणून एक घडलेली गोष्ट सांगितली आहे. उणीव झांकलेली नाहीं. आणि विद्या मिळाल्यावर ती कोणाच्या उपयोगी पडणार, याचें उत्तर नेमकें आहे. स्वतःचें कौतुक करणें वेगळें आणि पुरावा मांडणें वेगळें. संकोची विद्यार्थ्यानें हा भेद ध्यानांत घेतला, तर आत्मप्रौढीचा दोष त्यास लागत नाहीं.

आजच्या नियमांतहि हींच सूत्रें दिसतात. ब्रिटनमधील पदवी अभ्यासक्रमांचे अर्ज ‘यूकास’ या संस्थेमार्फत जातात. २०२६ च्या प्रवेशापासून तेथें एका सलग लेखाऐवजीं तीन प्रश्न विचारले जातात: हा विषय कां शिकावयाचा, आजवरच्या शिक्षणानें त्यासाठीं कोणती तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलें व तें कसें उपयोगी आहे. तिन्ही उत्तरें मिळून ४,००० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, आणि तींत मोकळ्या जागाहि मोजल्या जातात. अमेरिकेंतील अनेक महाविद्यालयांस चालणाऱ्या ‘कॉमन ॲप’ या अर्जांतील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. तेथें विषयापेक्षां व्यक्तीची ओळख अधिक अपेक्षित असते. म्हणून एकच मजकूर दोन्हीकडे धाडणें इष्ट नव्हे.

आतां गांवाच्या लहानपणाविषयीं. समजा, कोळीवाड्यांतील एखाद्या मुलीस सागरी जीवशास्त्र शिकावयाचें आहे. ‘मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे’ हें वाक्य कोणीहि लिहील. परंतु भरती-ओहोटीच्या प्रवाहांत बांधलेल्या डोल जाळ्यांत कोणत्या महिन्यांत बोंबील किती आले, जवळा केव्हां घटला, याची वहींत वर्षभर नोंद ठेवून त्यांतून तिला जो प्रश्न पडला, तो तिचाच असतो. पदार्थविज्ञानाची आवड असलेल्या अलीबागच्या मुलास तेथील चुंबकीय वेधशाळेवरून आरंभ करतां येईल. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यानें कुलाब्याच्या वेधशाळेंतील नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ सालीं हें काम अलीबागेस हलविलें. मात्र नुसती माहिती पुरत नाहीं. ती वाचून त्यानें पुढें काय शोधलें, हें त्यानें लिहिलें पाहिजे.

लिहितांना प्रथम मराठींत मनमोकळें टिपण करावें, दाखला नसलेलीं विशेषणें खोडावीं, आणि मगच इंग्रजी मसुद्यास हात घालावा. शिक्षकांनीं चुका दाखवाव्या. वाक्यें मात्र विद्यार्थ्याचींच असावींत. पैसे देऊन अथवा यंत्राकडून लिहवून घेतलेला लेख धोक्याचा असतो. ‘यूकास’कडे आलेला मजकूर इतर अर्जांशीं ताडून पाहिला जातो आणि साम्य आढळल्यास विद्यापीठास कळविलें जातें. त्याहून मोठी हानि ही कीं, आपण तेथें कां जात आहों, याचा विचार विद्यार्थ्याकडून व्हावयाचा राहूनच जातो.

आनंदीबाईंस प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रीविभागाचें काम त्यांना मिळालें होतें. परंतु तें हातीं घेण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. ज्या स्त्रियांचें नांव घेऊन त्यांनीं प्रवेश मागितला, त्यांची सेवा त्यांच्या हातून घडली नाहीं. तें पत्र मात्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत जपलेलें आहे. निवेदन लिहावयास बसणाऱ्या मुलामुलींनीं तें एकदां अवश्य वाचावें.