खोक्यामागची जुनी रीत

दर महिन्याला घरी येणाऱ्या सुतारकामाच्या खोक्यात साधारणपणे एखाददुसरं हत्यार, कापलेलं लाकूड आणि एका वस्तूची कृती असते. सोप्याकडून अवघडाकडे नेण्याची ही रीत मात्र जुनी. स्वीडनमधल्या नेस इथे ओटो सालोमन यांनी १८७०च्या दशकात शिक्षकांना ‘स्लॉइड’, म्हणजे हाताने वस्तू घडवण्याचं शालेय शिक्षण, शिकवायला सुरुवात केली. वस्तू चढत्या क्रमाने करायच्या आणि प्रत्येक वस्तू घरात वापरता येईल अशीच. पहिलं हत्यार साधा चाकू, कारण लाकडाचे रेषे कुठे वळतात ते चाकूने हाताला लगेच कळतं. फिनलंडच्या शाळांत तर उनो सिग्नेउस यांच्यामुळे हा विषय १८६६मध्येच आला होता.

खोका मागवायचाच, तर धारेचा दगड त्यात आहे का ते आधी पाहा. पटाशीची धार साधारण २५ ते ३० अंशांत लावतात. बोथट पटाशी जास्त धोक्याची. जोर लावावा लागतो आणि ती निसटते. लाकूड वाळवलेलं हवं. ओलं लाकूड रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळपास नाहीच, आणि मग सांधे उघडतात. चांगला रंधा मात्र बाजारात जाऊन, हातात धरून घ्यावा.