स्वतःचा ब्लॉग की सामायिक व्यासपीठ? ओमानमधून मराठीत लिहिणाऱ्यांचे काही गैरसमज

स्वतःचा ब्लॉग ही एकाच लेखकाची जागा. सामायिक व्यासपीठ ही अनेकांनी लिहायची आणि एकमेकांना प्रतिसाद द्यायची जागा. ओमानच्या गावातही असेच घर वेगळे आणि 'सबला' वेगळी. सबला म्हणजे गावकऱ्यांची बैठकीची जागा, आपल्याकडच्या चावडीसारखी; 'सबलत ओमान' या अरबी चर्चास्थळाने नावही तिथूनच घेतले. मराठीत १९९६ पासून 'मायबोली' आणि २००७ पासून 'मिसळपाव' ही संकेतस्थळे सामायिक व्यासपीठाचे काम करत आहेत. मस्कत किंवा सलालाहमध्ये राहून लिहिणाऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. निवड मात्र पुष्कळदा ऐकीव समजुतींवर होते.

गैरसमज १ : स्वतःच्या ब्लॉगवर काहीही लिहिता येते, नियम सामायिक स्थळांनाच असतात.

वस्तुस्थिती : सामायिक स्थळावर संपादकांचे नियम जास्तीचे असतात, पण देशाचा कायदा दोन्हीकडे सारखाच. ओमानचा सायबर गुन्हे कायदा (शाही फर्मान १२/२०११) लेखन कुठे प्रसिद्ध झाले हे पाहून सूट देत नाही. त्याच्या कलम १६ नुसार छायाचित्र काढून किंवा मजकूर प्रसिद्ध करून दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग केल्यास एक ते तीन वर्षे कैद, १,००० ते ५,००० रियाल दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मजकूर खरा असला तरी हे कलम लागू होते. म्हणून मस्कतमधील मत्रहच्या बाजारातील अनोळखी स्त्रीचा चेहरा न विचारता टिपून प्रवासवर्णनाला जोडणे टाळावे.

गैरसमज २ : ब्लॉग उघडला की ती जागा कायमची आपली.

वस्तुस्थिती : फुकट मिळालेला पत्ता कंपनीचा असतो. मोफत पाने देणारे जिओसिटीज २००९ मध्ये आणि ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये बंद झाले, तेव्हा असंख्य पाने नाहीशी झाली. स्वतःचे डोमेन नावसुद्धा विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी नोंदवावे लागते आणि वेळेवर नूतनीकरण न केल्यास हातचे जाते. तरीही त्याचा एक मोठा फायदा आहे. सेवा देणारी कंपनी बदलली, तरी वाचकांना माहीत असलेला पत्ता तोच राहतो.

गैरसमज ३ : सामायिक स्थळावर लेख दिला की त्यावरचा हक्क गेला.

वस्तुस्थिती : लेख लिहिताक्षणी स्वामित्वहक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. हे तत्त्व मानणाऱ्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात भारत आणि ओमान दोघेही आहेत. लेखक सहसा स्थळाला केवळ प्रसिद्धीचा परवाना देतो. त्या परवान्याच्या अटी स्थळागणिक बदलतात, म्हणून लेख अन्यत्र छापण्याची मुभा आणि तो काढून घेण्याची सोय आहे का, हे आधीच वाचावे.

गैरसमज ४ : वाचक फक्त सामायिक स्थळावरच मिळतात.

वस्तुस्थिती : तयार वाचक तिथे असतात, हे खरे. खरीफच्या, म्हणजे तिथल्या मोसमी पावसाळ्याच्या, दिवसांतील सलालाहच्या सहलीवर एखादा लेख टाकला, की रस्ता, मुक्काम, खर्च यांविषयी लगेच विचारणा होते आणि चुकाही दाखवल्या जातात. पण नवे लेख येतात तसा तो मागे सरकतो. ओमानच्या फलजांवर, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या पारंपरिक कालव्यांवर, वर्षानुवर्षे नोंदी करणाऱ्याची गरज वेगळी असते. युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसा ठरवलेल्या पाच फलजांच्या अशा नोंदी स्वतःच्या ब्लॉगवर विषयवार लावता येतात आणि शोधयंत्रातून वाचक पुढेही येत राहतात.

गैरसमज ५ : दोहोंपैकी एकच निवडावे लागते.

वस्तुस्थिती : नियम आड येत नसतील, तर दोन्ही साधतात. लेख आधी ब्लॉगवर ठेवावा, काही दिवसांनी सामायिक स्थळावर द्यावा आणि तिथे मूळ पानाचा दुवा जोडावा. एकटादुकटा लेख लिहिणाऱ्याला सामायिक स्थळ पुरेसे आहे. एका विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्याने स्वतःची जागा उभारावी. मार्ग कोणताही असो, प्रत्येक लेखाची एक प्रत आपल्या संगणकावर जपून ठेवावी.