गोळीचा तळ

ओतीव गोळीचं काम नळी मोजण्यापासून सुरू होतं. मोंटानातल्या माझ्या शेजाऱ्याची रायफल मार्लिन 1895 आहे, लिव्हर ओढून चालवायची, आणि तिचं काडतूस .45-70. त्यानं नळीला आतून तेल लावलं, मऊ शिशाचा एक गोळा दांड्यानं हळूहळू ठोकत पार बाहेर काढला. त्यावर नळीतल्या पिळाचे चर स्पष्ट उमटले होते. मायक्रोमीटरवर जाडी 0.458 इंच भरली. आपली गोळी याहून एक-दोन हजारांश इंच जाड हवी. बारीक राहिली, तर पेटलेल्या दारूचा वायू तिच्या कडेनं पुढे घुसतो, शिसं खरवडून नेतो आणि नळीला लिंपतो. मग नेम भरकटतो.

हे काडतूस अमेरिकी लष्करानं 1873 साली स्वीकारलं. 45 हे इंचाचे शतांश, 70 हे काळ्या दारूचे ग्रेन. मूळ गोळी 405 ग्रेनची, म्हणजे 26 ग्रॅमची. एवढ्या वजनाला वेगाची फार गरज नसते.

शुद्ध शिसं 327 अंशांना वितळतं, पण ते फार मऊ. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील घालतात: अँटिमनीनं कठीणपणा येतो, कथलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. भांड्यात मेणाचा तुकडा टाकून ढवळलं की धूर होतो आणि मळी वर येते. गॅरेजचं दार उघडं होतं, पंखा बाहेरच्या बाजूला वारा फेकत होता, आणि पाण्याची बाटली आत आणायला सक्त मनाई होती. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला, तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं.

साचा थंड असताना निघालेल्या गोळ्या सुरकुतलेल्या असतात. त्या सरळ परत भांड्यात. साचा तापला की गोळीचं अंग भरून येतं. फार तापला की पृष्ठभाग दुधाळ होतो, त्यानं मात्र बिघडत नाही. शेजारी प्रत्येक गोळी उलटी धरून तळ बघायचा. टोकावरचा ओरखडा तो चालवून घेई, तळाची कड जराशी गोलावली तरी गोळी बाद. यामागे जुना अभ्यास आहे. फ्रँकलिन मान यांनी वर्षानुवर्षं मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि 1909 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की नेम बिघडवतो तो तळाचा दोष. कारण गोळी नळीतून सुटते तेव्हा वायूचा शेवटचा धक्का तळालाच बसतो. वायू एका बाजूनं आधी निसटला की गोळी डुलते. मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटली.

पुढचं काम, काडतूस भरण्याचं, शांत डोक्याचं. या काडतुसासाठी भरणीच्या पुस्तकांत सहसा तीन वेगळे तक्ते असतात: जुन्या स्प्रिंगफील्ड रायफलींसाठी, मार्लिनसारख्या लिव्हर रायफलींसाठी आणि त्याहून भक्कम बांधणीच्या रुगर नंबर वनसाठी. एकीचं माप दुसरीत घातलं, तर रायफल फुटू शकते. पुंगळी इतकी मोठी, की काही दारूंचं माप चुकून दोनदा पडलं तरी सांडत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून पाहायचं. पुंगळीचं तोंड किंचित फाकवायचं, नाहीतर तिची कड शिसं तासते.

तक्त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करून तो थोडं थोडं वर गेला, आणि शंभर यार्डांवर प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या एकाच कागदावर झाडल्या. सगळ्यात घट्ट जमाव वेगवान मापाचा नव्हता. सेकंदाला 400 मीटरच्या आसपासच्या मापाचा होता. त्यानं तेच निवडलं, आणि मला ते पटलं. या वेगाची गोळी शंभर यार्डांवर नेम बांधला असता दोनशेवर दीड फुटाहून जास्त खाली येते. ही गोळी एल्कच्या शिकारीसाठी होती; अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी एल्क जखमी होऊन जंगलात निघून जातो. म्हणून दीडशे यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही, हे त्यानं मापाखालीच वहीत लिहिलं. मारलेल्या जनावराची शिशाचे कण राहिलेली आतडी गरुडांनी खाऊ नयेत म्हणून ती खोल पुरायची, हेही. कॅलिफोर्नियात तर जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तिथे जायचं झालं तर त्याला तांब्याच्या गोळीसाठी नळीपासून पुन्हा सगळं जमवावं लागेल.